जुन्या डिझेल कॅम्परची डिझेल लाइन गळते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या जुन्या कॅम्पर गाड्यांबद्दल, म्हणजे चालत्या-फिरत्या घरांबद्दल, जे प्रश्न सतत येतात, त्यांत डिझेल गळतीचे सगळ्यात जास्त. खालची उत्तरं मुख्यतः ओएम ६१६ इंजिनाच्या गाड्यांसाठी आहेत. म्हणजे मर्सिडीजच्या परवान्याखाली बनलेलं २.४ लिटरचं इंजिन आणि त्यात डिझेल फवारणाऱ्या नोझलांना ते दाबाने पुरवणारा मायकोचा (बॉशच्या भारतातल्या कंपनीचा) इनलाइन पंप, इलेक्ट्रॉनिक्सचं नाव नाही. यांत्रिक पंपाच्या इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक्सने चालणारी, खूप जास्त दाबाची नवी यंत्रणा) असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

१. गाडीत डिझेलचा वास येतो, पण खाली थेंब दिसत नाही. गळती आहे असं समजायचं का?

हो, समजायचं. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. गळलेलं डिझेल धुळीत मुरतं, इंजिनावर काळा चिकट थर धरतं, चेसिसच्या खाचेत साचतं. जमिनीवर थेंब पडायला वेळ लागतो, वास मात्र आधी येतो. ट्रॅव्हलरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे झाकणाखाली आहे, त्यामुळे तिथली वाफ थेट आत येते. झाकणाचं रबर पॅकिंग फाटलं असेल तर तेही बदला, पण त्याने फक्त वास कमी होईल, गळती चालूच राहील.

२. गळती लहान आहे. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

थेंब कुठे पडतोय त्यावर आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळ पडत असेल तर अजिबात नको, टो करून न्या. डिझेल पेट्रोलइतकं पटकन पेटत नाही हे खरं, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर फवारा उडाला तर ते पेटतं. कॅम्परमध्ये तर त्याच्या मागे प्लायवूड, फोम, पडदे आणि गॅसची टाकी असते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. रस्त्यावर सांडलेलं डिझेल दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतं. पहिल्या पावसात, घाटाच्या वळणावर तर ते दिसतही नाही. आपल्या गाडीखाली डबकं झालं असेल तर निघण्याआधी त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते भरून घ्या. पाणी ओतू नका, पाण्याने ते पसरतं.

३. नक्की कुठून गळतंय ते शोधायचं कसं?

यात सगळ्यात जास्त वेळ द्या. जिथे थेंब पडतो तिथे गळती क्वचितच असते. डिझेल पाइपावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला जातं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची.

आधी इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि ब्रशने पंप, फिल्टर, नोझल, टाकीपासून येणारी लाइन हे सगळं स्वच्छ करा. प्रेशरच्या पाण्याची तोटी पंपावर आणि अल्टरनेटरवर मारू नका. सगळं कोरडं झालं की जोडांवर टाल्कम पावडर किंवा कुटलेला खडू भुरभुरा. मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हातपंप मारून लाइनमध्ये दाब आणा, इंजिन बंदच ठेवून. पांढऱ्या पावडरीवर डिझेलचा डाग राखाडी उमटतो आणि एका टिंबापासून वाढत जातो. ते टिंब म्हणजे तुमची गळती. काही दिसलं नाही तर इंजिन आयडलवर ठेवून पुन्हा बघा, या वेळी लांबून आणि टॉर्चने. नोझल पाइपांजवळ हात न्यायचा नाही, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

तरीही काही सापडलं नाही, तर गळती बहुधा टाकी ते फीड पंप या भागात आहे. तिचं वागणं वेगळं असतं, ते पुढच्या उत्तरात.

४. खाली थेंब नाही, वासही फार नाही. पण सकाळी गाडी उठत नाही, खूप सेल्फ मारावा लागतो. याचा लाइनशी संबंध आहे का?

बहुतेक वेळा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, तिच्यात दाब नसतो. शहाळ्यातल्या नळीला वरच्या बाजूला भोक पडलं तर पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच इथे होतं. इंजिन चालू असताना भेगेतून हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते. मेकॅनिक याला ‘एअर घेतंय’ म्हणतात. चढावर किंवा टाकी अर्ध्याखाली असताना हे वाढतं, कारण ओढ जास्त लागते.

शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाईप तात्पुरता जोडून इंजिन चालवणं. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. त्यानंतरही बुडबुड्यांची माळ सुरू राहिली तर हवा त्या जागेच्या मागून, टाकीच्या बाजूने येतेय. पाईप एकेक जोड मागे सरकवत जा. बुडबुडे थांबले की शेवटच्या दोन जागांच्या मधे दोष आहे. हा पारदर्शक पाईप काम झालं की काढून टाका. उष्णतेने आणि डिझेलने तो कडक होऊन तडकतो.

संशय घ्यायच्या जागा: वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भागाच्या) वाटीचं ओ-रिंग, वाटीखालचा ड्रेन स्क्रू, टाकीवरून निघणारा रबरी तुकडा, आणि हातपंपाची आतली सील. शेवटची जागा फार जण विसरतात. हातपंपाची मूठ फिरवून घट्ट बसत नसेल किंवा दांड्याभोवती ओल असेल, तर तो हातपंपच बदला. स्वस्त आहे.

इतकं करूनही बुडबुडे नसतील, तर हीटर प्लग (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे) तपासा. या इंजिनात त्यांच्याशिवाय थंडीत गाडी उठत नाही, आणि लक्षण अगदी हेच दिसतं.

५. नोझलच्या डोक्यावर ओलं दिसतं. नोझल गेला का?

घाईने नोझल काढू नका. आधी रिटर्नचे बारीक पाईप बघा. प्रत्येक नोझलमधून उरलेलं थोडं डिझेल परत जातं, त्यासाठी एका नोझलवरून दुसऱ्यावर कापडी वेष्टनाचा, आतून जेमतेम ३ मिमीचा रबरी पाईप असतो. त्याला क्लिप नसते, तो नुसता ताणून बसवलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, कापड ओलं दिसायला लागतं आणि टोकाला बारीक चीर पडते. पाईप वाकवून पाहा. काडीसारखा ताठ असेल तर त्याचं आयुष्य संपलंय.

त्याच रांगेतल्या शेवटच्या नोझलवर, जिथून पुढे पाईप जात नाही, तिथे एक छोटं रबरी बूच असतं. नखाएवढं. ते तडकलं की सगळं डोकं ओलं होतं, आणि अनेकदा चांगले पाईप बदलून बूच तसंच राहतं. बूच आणि सगळे तुकडे एकदमच बदला. जुना पाईप ओढून काढू नका, रिटर्नची नळी वाकते. ब्लेडने उभा चिरून सोलून घ्या, फक्त नळीवर ओरखडा पडू देऊ नका.

६. कोणता रबरी पाईप घ्यायचा? पाण्याचा किंवा गॅस शेगडीचा चालेल का?

नाही. पाण्याचा पाईप डिझेलने फुगून लिबलिबीत होतो, आणि गॅसचा पाईप डिझेलसाठी बनलेलाच नसतो. इंधनासाठीचा, वेष्टन असलेला नायट्राइल रबरचा पाईप घ्या. त्यावर एसएई जे३०, आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. आर९ चा आतला थर फ्लोरोरबरचा असतो, तो उष्णता आणि नवीन डिझेल दोन्ही जास्त सोसतो. इंजिनाजवळ आर९, चेसिसवर आर७ पुरतो. आतला व्यास मोजूनच घ्या. मोठा पाईप क्लिपने आवळून बसवला तर घडी पडते आणि तिथूनच एअर घेते. पुण्यात नाना पेठेत सुटा पाईप फुटावर मिळतो. छापील अक्षरं नसलेला पाईप दुकानदार कितीही चांगला म्हणाला तरी सोडून द्या. घेतानाच तो दुमडून पाहा, आत बारीक रेषा दिसल्या तर माल जुना आहे.

आणि एक पाईप फुटला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही टेकलेत. टाकीपासून इंजिनापर्यंतचं सगळं रबर एकाच दिवशी बदला.

७. क्लिप नेहमीची, पेचाने आवळायची, चालेल ना?

चालते, पण बारीक पाइपावर तिच्या खाचा रबरात रुततात. गुळगुळीत पट्टीची, बोल्टने आवळणारी इंधन पाइपाची क्लिप मिळते, ती बरी. पाईप हाताने फिरणार नाही इतकंच आवळा. रबर क्लिपच्या बाजूने फुगून वर आलं म्हणजे जास्त झालं.

८. चेसिसवरचा लोखंडी पाईप गंजून पाझरतोय. तेवढाच तुकडा कापून रबर जोडला तर? की तांब्याचा पूर्ण पाईप टाकू?

गंज सहसा पाईप चेसिसला धरणाऱ्या क्लिपांच्या मागे लागतो, कारण तिथे चिखल आणि पाणी अडकून राहतं. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. एका क्लिपमागे भोक पडलं असेल तर पुढच्या क्लिपमागेही पाईप पातळ झालेला असतो. म्हणून तुकडा जोडणं ही तात्पुरती सोय समजा. जोडायचाच तर पाइपाच्या दोन्ही टोकांना फ्लेअरिंग टूलने उठाव काढा, रबर त्यावरून किमान इंचभर चढवा आणि दोन्ही बाजूंना क्लिप लावा. साध्या गुळगुळीत टोकावर बसवलेलं रबर आज ना उद्या सरकतं.

कायमचं काम म्हणजे पूर्ण लांबीचा नवा स्टीलचा बंडी पाईप. ब्रेकचे पाईप बनवणारे लोक तो मापाने वाकवून, टोकं काढून देतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कोणत्याही मोठ्या गावच्या ट्रान्सपोर्ट नगरात असे कारागीर असतात. जुना पाईप नमुना म्हणून अखंड घेऊन जा.

तांबं टाळा. वाकवायला सोपं म्हणून लोकांना आवडतं, पण तांब्याच्या संगतीत डिझेल लवकर खराब होऊन चिकटा धरतं, आणि सततच्या थरथरीने तांबं कडक होऊन जोडाजवळ चिरतं. आतून जस्ताचा मुलामा असलेला पाईपही डिझेलला चालत नाही.

पाईप बसवताना तो सायलेन्सरपासून आणि हँडब्रेकच्या केबलपासून लांब ठेवा, आणि कॅम्परसाठी नंतर ओढलेल्या वायरिंगच्या जुडग्याला बांधू नका. गाडीचं कॅम्पर बनवणाऱ्याने सोयीसाठी दोन्ही एकाच टायने बांधलेलं बऱ्याच गाड्यांत दिसतं. वायर घासून उघडी पडली की ठिणगी आणि डिझेल शेजारी शेजारी.

९. पंपापासून नोझलकडे जाणारा लोखंडी पाईप गळतोय. ब्रेझिंग करून (पितळेसारखा धातू वितळवून सांधून) मिळेल का?

नको. कोणी करून देत असेल तरी नको. या पाइपात १०० बारच्या वर दाब उठतो. ब्रेझिंगचा सांधा तो सोसत नाही, आणि आत मिश्रधातूचा कण राहिला तर नोझल जाम होतो. नवा पाईप त्याच मापाचा, त्याच नोझलचा घ्या. पाइपांची लांबी सारखी ठेवलेली असते ती प्रत्येक नोझलला डिझेल एकाच वेळेला मिळावं म्हणून. जागेवर बसत नाही म्हणून तो वाकवू नका. पाइपांना एकत्र धरणाऱ्या छोट्या पट्ट्या परत लावा. त्या नसल्या की थरथरीने पाईप नटाच्या तोंडाशी तुटतो, आणि हेच गळतीचं नेहमीचं कारण असतं.

गळती नटापाशी असेल तर आधी नट सैल करून, तोंड पुसून, पुन्हा नीट बसवून आवळा. कचऱ्याचा एक कणही पुरतो. पंपाच्या बाजूला नटाच्या खालचा मोठा षटकोन ओला असेल तर तो डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर आहे. त्याचं काम पंपवाल्याकडे द्या.

सुरू इंजिनात इथली गळती बोटाने चाचपायची नाही. केसाएवढ्या फटीतून येणारी धार कातडीतून आत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून पेशी मरायला लागतात. असं झालं तर मलम लावून वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल शरीरात गेलंय’ असं स्पष्ट सांगा. यात शस्त्रक्रिया लागते आणि तास महत्त्वाचे असतात. गळती बघायचीच तर पुठ्ठा लांब दांड्याला लावून पाइपासमोर धरा. फवारा असेल तर पुठ्ठ्यावर रेघ उमटते.

१०. फिल्टरवरचा बँजो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो) कितीही आवळला तरी पाझरतो. टेफ्लॉन टेप लावू का?

लावू नका. या जोडात सील आट्यांवर होतच नाही, बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरवर होतं. टेपचे तुकडे मात्र लाइनमध्ये जाऊन जाळीत अडकतात. दोन्ही वॉशर नवे टाका, बसायची जागा नखाने तपासा. ओरखडा लागत असेल तर सपाट दगडावर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा. नवा वॉशर मिळत नसेल तर तांब्याचा जुना वॉशर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. ॲल्युमिनियमच्या वॉशरला हे करू नका.

११. काम सुरू करण्याआधी कॅम्परमध्ये वेगळी काय काळजी घ्यायची?

हे चालतं-फिरतं घर आहे हे ध्यानात ठेवून तयारी करा. गॅसची टाकी रेग्युलेटर काढून गाडीबाहेर ठेवा. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर त्याची ज्योत बंद आहे ना पाहा. गाडीची आणि घराची, दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह तार सोडा. घराची बॅटरी आणि सोलर पॅनल लोक विसरतात, आणि तेवढ्यात पंखा किंवा पाण्याची मोटर ठिणगी टाकते. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. टाकीच्या जवळ वेल्डिंग तर कोणत्याच परिस्थितीत नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

भांड्यात काढलेलं डिझेल स्वच्छ असेल तर गाळून परत वापरा. घाण झालेलं नाल्यात सोडू नका. गॅरेजवाले जळकं ऑइल ज्या पिंपात भरून पुढे देतात त्यातच ते टाका.

१२. पाईप बदलला, आता गाडी सुरूच होत नाही. काय चुकलं?

बहुधा काही चुकलं नाही, लाइनमध्ये एअर आहे. टाकीत पुरेसं डिझेल भरा. हातपंपाची मूठ फिरवून मोकळी करा, फिल्टरवरचा ब्लीडर स्क्रू थोडा सैल करा आणि पंप मारत राहा. आधी फेस येतो, मग एकसंध डिझेल. तसं आलं की पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. पुढेही हात जड लागेपर्यंत मारा आणि मूठ पुन्हा घट्ट फिरवून बसवा.

तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडचे दोन-तीन नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. हात आणि चेहरा लांब, खाली चिंध्या. डिझेल आलं की नट आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर नको, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. हे सगळं करूनही दुसऱ्या सकाळी तोच त्रास झाला तर एअर अजून येतेय. प्रश्न ४ पाहा.

१३. घाटात, रात्री पाईप फुटला तर मुक्कामापर्यंत कसं पोचायचं?

दुरुस्तीची पिशवी आधीच गाडीत असेल तरच. वेगवेगळ्या मापांचा हात-हातभर पाईप, सहा-आठ क्लिपा, तांब्याचे वॉशर, ब्लेड, पकड. रबर टोकाशी फाटलं असेल तर तेवढं कापून पुन्हा चढवा, बऱ्याच वेळा पाईप पुरतो. एम-सील ओल्या डिझेलवर चिकटत नाही, त्यात वेळ घालवू नका. टाकीच्या पत्र्याला बारीक भोक असेल तर कपडे धुण्याचा साबण दाबून घासला की काही तास थेंब थांबतो, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती खरी आहे. दाबाच्या लाइनवर मात्र साबण चालत नाही. आणि नोझल पाईप फुटला असेल तर रस्त्यावरची कोणतीच युक्ती वापरायची नाही, टो बोलवायचा.

१४. टाकी फुल्ल केली की गळतं, अर्धी असली की नाही. असं का?

दोष टाकीच्या वरच्या भागात आहे. गेजच्या फ्लोटचं पॅकिंग, भरायच्या तोंडापासून येणारा जाड रबरी पाईप किंवा हवेची बारीक नळी, या तीनपैकी एक. कॅम्पर बांधताना भरायचं तोंड हलवलेलं असेल तर तो जाड पाईप फर्निचरमागे दुमडलेला सापडतो. पॅकिंग बदलताना टाकीवरची माती आधी फुंकून काढा, नाहीतर ती आत पडते.

१५. वर्षानुवर्षं न गळणारी गाडी अलीकडेच सगळीकडून पाझरायला लागली. डिझेलमध्ये काही बदललंय का?

बदललंय. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चं डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. जुन्या नायट्राइल सील या घटकांमुळे किंचित फुगून घट्ट बसलेल्या असतात. ते कमी झाले की सील आकसते, आणि वयाने कडक झालेलं रबर पुन्हा जागा भरू शकत नाही. नवी सील टाकली की प्रश्न सुटतो. बाटलीतल्या औषधाने म्हातारं रबर तरुण होत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दुसरं कारण नुसतं उभं राहणं. कॅम्पर पावसाळाभर उभी असते, रबर वाळतं, अर्ध्या टाकीत दव साचून पाणी होतं. उभी करताना टाकी भरून ठेवा आणि मधून मधून इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवा.

१६. बाहेर कुठेही गळत नाही, पण डिपस्टिकवर ऑइल वाढतंय. चालवू का?

चालवू नका, सुरूही करू नका. डिझेल आत, ऑइलमध्ये जातंय. मायकोच्या इनलाइन पंपात फीड पंपाचा दांडा झिजला की डिझेल पंपाच्या खालच्या कप्प्यात उतरतं आणि तिथून इंजिनाच्या ऑइलमध्ये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. मग ते किल्लीने बंद होत नाही. डिपस्टिकचा थेंब टिपकागदावर सोडा. मधे काळा डाग आणि भोवती तेलकट फिकट कडा पसरली तर संशय पक्का. फीड पंप दुरुस्त करून, ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी काढा.

१७. माझी ट्रॅव्हलर कॉमन रेलची आहे. हेच सगळं लागू?

टाकीपासून फिल्टरपर्यंत, हो. त्यापुढे नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, नट सैल करून एअर काढणं तर जिवावरचं आहे. फिल्टरच्या पुढचं काम कंपनीच्या किंवा डिझेल इंजेक्शनच्या कारागिराकडेच द्या.

१८. डिझेल हीटर बसवल्यापासून एअर घेते. हीटरवाला म्हणतो त्याचा संबंध नाही.

लडाखच्या तयारीत हे बरेच जण बसवतात, आणि संबंध असतो. हीटरची लाइन इंजिनाच्या ओढीच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून काढलेली असेल तर ती टी आणि तिच्या दोन-तीन क्लिपा म्हणजे हवा शिरायच्या नव्या जागा. शिवाय हीटरच्या नायलॉन नळीचं माप बारीक, तिच्यावर मोठं रबर आवळलेलं असतं. हीटर तात्पुरता वेगळा काढून, टी काढून लाइन सरळ जोडून पाहा. त्रास थांबला तर टाकीवर स्वतंत्र नळी बसवून घ्या. हीटर आणि जनरेटर दोघांनाही स्वतंत्र नळीच हवी.

१९. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नव्वदच्या दशकातली फियाट डुकॅटोवरची मोटरहोम घेतली आहे, तीही गळते. वेगळं काय पाहायचं?

तिच्यावर सहसा बॉशचा व्हीई रोटरी पंप असतो, इनलाइन नाही. तो ऑइलवर नाही, डिझेलवरच वंगण घेतो, म्हणून एअर घेत असताना चालवत राहिलात तर पंपच झिजतो. या पंपाच्या वरच्या झाकणाचं आणि थ्रॉटलच्या दांड्याचं सील आकसून पाझरतं, त्यामुळे पाईप बदलूनही ओल थांबली नाही तर तिथे पाहा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चेसिसवरचा पाईप लवकर गंजतो, त्याला प्रश्न ८ लागू. इंधन गळत असेल तर गाडी एमओटीत (तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) नापास होते, तेव्हा तारखेच्या आधी गाडीखाली एकदा टॉर्च घेऊन जा.